छपराखालचे मजले उपग्रहाला दिसत नाहीत

ठाणे शहराची लोकसंख्या किती? जनगणनेचा आकडा मागितला, तर २०११ चा मिळतो: १८ लाख ४१ हजार. नवी मुंबई महापालिकेचा त्याच वर्षीचा आकडा ११ लाख २० हजार. २०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नाही. मधल्या काळात घोडबंदर रोडला किती टॉवर उठले आणि उलव्याचे किती सेक्टर भरले, हे तिथून जाणारा प्रत्येकजण पाहतोय. पण पाण्याची लाइन किती जाडीची टाकायची हे ठरवणाऱ्या इंजिनिअरला ‘बरेच टॉवर’ या उत्तराचा काय उपयोग? त्याला कुठे, कधीपासून आणि किती, हे हवं असतं.

यातल्या ‘कुठे’ आणि ‘कधीपासून’ची उत्तरं आभाळातून बऱ्यापैकी मिळतात. ‘किती’चं अर्धंच मिळतं, आणि गंमत अशी की वर्तमानपत्रातल्या बातमीत नेमकं तेच सगळ्यात मोठ्या अक्षरात छापलं जातं.

पहिला लँडसॅट उपग्रह अमेरिकेने जुलै १९७२ मध्ये सोडला. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना मार्च १९७० ची, आणि वाशीचा पहिला खाडीपूल १९७३ चा. म्हणजे ३४४ चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात, ९५ गावांच्या जमिनीवर नवं शहर उभं राहायला लागलं, तेव्हा वर कॅमेरा नुकताच चालू झाला होता. ठाण्याचं जुनं गाव, तलावपाळी, जांभळी नाका ही उपग्रहाच्या कितीतरी आधीची. नवी मुंबई मात्र जवळपास जन्मापासून त्याच्या नजरेखाली आहे.

आपल्या भागाचं लँडसॅट चित्र १४८ व्या पट्ट्यातल्या ४७ व्या ओळीत मोडतं. सध्या कामावर असलेले लँडसॅट ८ आणि ९ हे दोघे मिळून दर आठ दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमारास, सुमारे ७०५ किलोमीटर उंचीवरून इथून जातात. युरोपचे सेंटिनेल-२ साधारण पाच दिवसांनी फेरी मारतात. भारताचा आयआरएस-१ए हा उपग्रह १९८८ पासून चित्रं पाठवू लागला. पुढे कार्टोसॅट मालिकेने इमारत अन् इमारत ओळखता येईल इतकी बारीक चित्रं दिली. २००८ मध्ये लँडसॅटचा सगळा जुना साठा फुकट खुला झाला. त्याआधी एकेक चित्र विकत घ्यावं लागे. कॉलेजातला विद्यार्थीही आज तीस-चाळीस वर्षांचा बदल तपासू शकतो, तो या एका निर्णयामुळे.

आता चित्र म्हणजे काय, ते पाहू. आपण ज्याला फोटो म्हणतो तसं ते नसतं. ती चौकोनांची जाळी असते आणि प्रत्येक चौकोनात, म्हणजे पिक्सेलमध्ये, काही आकडे असतात: तिथून लाल प्रकाश किती परतला, हिरवा किती, आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त किती. सुरुवातीच्या लँडसॅटचा पिक्सेल सुमारे ८० मीटरचा होता, १९८२ नंतर ३० मीटरचा झाला, सेंटिनेल-२ चा बारीकात बारीक १० मीटरचा आहे. तीस बाय तीस म्हणजे ९०० चौरस मीटरची एक फरशी समजा. त्या फरशीवर कोळीवाड्यातली चार घरं, दोन माड, अंगणात वाळत टाकलेली जाळी आणि एक अरुंद गल्ली आहे. उपग्रह या सगळ्याची सरासरी काढतो आणि फरशीला एकच रंग देतो. सिडकोच्या आखीव सेक्टरमध्ये हा प्रकार फारसा नडत नाही, कारण रस्ता, बाग, इमारत सगळंच ऐसपैस. गावठाणात मात्र नडतो.

रंगावरून जमीन ओळखायची युक्ती तशी सोपी आहे. जिवंत पान लाल प्रकाश खातं आणि अवरक्त प्रकाश जोरात परतवतं. समजा, एका पिक्सेलमधून ४५ टक्के अवरक्त आणि ५ टक्के लाल परत आला. दोघांची वजाबाकी भागिले दोघांची बेरीज: ४० भागिले ५०, म्हणजे ०.८. ही दाट झाडी, येऊरचं जंगल म्हणा. काँक्रीटवरून समजा २५ टक्के अवरक्त आणि २० टक्के लाल आला, तर उत्तर ०.१ च्या आसपास. पाणी अवरक्त जवळजवळ सगळा गिळतं, म्हणून खाडीत उत्तर सहसा शून्याखाली जातं. या गुणोत्तराला एनडीव्हीआय म्हणतात. बांधकामासाठी असंच एनडीबीआय आहे. त्यात लालऐवजी आणखी लांब लहरींचा अवरक्त घेतात, कारण काँक्रीट आणि उघडी माती तो जास्त परतवतात. अलीकडे यंत्रालाच शिकवतात: हे शंभर चौकोन इमारतींचे, हे शंभर खारफुटीचे, हे पाण्याचे, आता उरलेले लाखभर तू ओळख. ते ओळखतंही. अडतं कुठे, तर आपल्या मातीत.

एनडीबीआयला काँक्रीट आणि उघडी माती यांतला फरक नीट कळत नाही, हे वर ओझरतं आलंच. आता पनवेल तालुक्यातली भातशेती घ्या. नोव्हेंबरात कापणी झाली की शेत रिकामं होतं. फेब्रुवारीपर्यंत ते टणक आणि करडं दिसू लागतं. खारघरच्या डोंगरावरचं गवतही तोवर वाळून पिवळं पडलेलं असतं. तुर्भ्याकडच्या दगडखाणी तर बाराही महिने उघड्या. मार्चमधलं एकच चित्र घेऊन यंत्राला विचारलं, तर ते या सगळ्यांतला बराच भाग ‘शहर’ म्हणून रंगवून मोकळं होईल. तुलना करणाऱ्याने आधीचं चित्र ऑक्टोबरचं आणि नंतरचं एप्रिलचं घेतलं असेल, तर विचारायलाच नको. गावंच्या गावं काँक्रीटखाली गेलेली दिसतील. प्रत्यक्षात ऋतू बदललेला असतो.

यावरचा उपाय मला फार आवडतो, कारण तो यंत्रापेक्षा शेतकऱ्याच्या डोक्यातून निघाल्यासारखा आहे. एका चित्रावर विसंबायचं नाही. वर्षभराची सगळी चित्रं एकावर एक ठेवायची आणि प्रत्येक चौकोनाला एकच प्रश्न विचारायचा: तू वर्षातून एकदा तरी हिरवा झालास का? भातखाचर होतं. वाळलेल्या गवताचा डोंगरही होतो. पार्किंगचा लॉट होत नाही. खाण तरीही अडकते, पण ती हाताने वगळता येते; खाणी कुठे आहेत हे माहीत असतं.

आता म्हणाल, पावसाळ्यात ढग असतात, तेव्हा हिरवं दिसणार कसं? जून ते सप्टेंबर आपल्याकडची बहुतेक चित्रं पांढरी येतात, हे खरं. सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबरात उघडीप मिळते आणि भात तेव्हा उभा असतो. कामापुरतं मिळून जातं. दुसरी सोय रडारची. २०१४ पासून फिरणारा सेंटिनेल-१ स्वतःच रेडिओ लहरी सोडतो आणि परत आलेला प्रतिध्वनी मोजतो. त्याला ढगही अडवत नाहीत आणि रात्रही. जमीन आणि उभी भिंत यांच्या काटकोनात लहर आपटली की ती उलट उपग्रहाकडेच फिरते, म्हणून इमारती रडारच्या चित्रात चकाकतात. सपाट शेत काळपट राहतं.

खाडीचं दुखणं वेगळं. उपग्रह ठरल्या वेळी येतो, पण भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे एका चित्रात ऐरोलीजवळ भरतीचं पाणी, तर पुढच्यात ओहोटीचा उघडा चिखल. दोन्हींची वजाबाकी केली की ‘खाडीत नवीन जमीन तयार’ असा निकाल हाती येतो. भरती-ओहोटीचं कोष्टक शेजारी ठेवल्याशिवाय ठाणे खाडीवर मत देऊ नये. खाडीत भराव पडतोय हे सांगण्यासाठी उपग्रहासारखा साक्षीदार नाही, पण साक्ष एकाच तारखेची असेल तर वकील ती फाडून टाकेल. पलीकडच्या काठाला, भांडुप-मुलुंडच्या मिठागरांत, उन्हाळ्यात पांढरं मीठ चमकतं आणि त्याची गल्लत पत्र्याच्या छपरांशी होते.

हिरवा रंग म्हणजे चांगलंच, या समजुतीलाही नवी मुंबईत धक्का बसतो. शहराचा काही भाग भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे, म्हणून सिडकोने होल्डिंग पाँड बांधले. मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की पावसाचं पाणी तिथे साठवायचं आणि ओहोटीला खाडीत सोडायचं. कालांतराने त्यांत गाळ साचला, गाळावर खारफुटी रुजली. उपग्रहाच्या चित्रात निळे चौकोन हिरवे झाले. पर्यावरणाच्या तक्त्यात ही ‘वनाच्छादनात वाढ’. पावसाचा निचरा पाहणाऱ्याच्या तक्त्यात तलावाची क्षमता घटली. खारफुटीला कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे गाळ काढायचा तर कोर्टाच्या परवानगीपर्यंत प्रकरण जातं. रंग एकच आहे, आणि तो चांगला की वाईट हे चित्र सांगत नाही.

वर चढणारं शहर

आता ‘किती’कडे येऊ. ठाण्याची भूगोलाने कोंडी केली आहे. एका बाजूला येऊरचे डोंगर आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, दुसऱ्या बाजूला खाडी. माजिवड्यापासून कासारवडवली, गायमुखपर्यंतची वाढ म्हणूनच रस्त्याला धरून लांबट पसरली. उपग्रहाच्या चित्रांत हा पट्टा दर दशकात भरत जाताना छान दिसतो. पण पोखरण रोड, कोलशेत, बाळकूम इथली गोष्ट दिसत नाही. तिथे कंपन्या होत्या. १९९० च्या चित्रात शेडची छपरं ‘बांधकाम’ म्हणून नोंदली गेली. कंपन्या बंद पडल्या, त्या जागी गृहसंकुलं आली, आणि चौकोन पुन्हा ‘बांधकाम’ म्हणूनच नोंदला गेला. यंत्राच्या हिशोबात बदल शून्य. खाली मात्र दोन पाळ्यांत येणाऱ्या कामगारांच्या जागी हजारो कुटुंबं कायमची राहायला आली, त्यांच्या गाड्यांसह.

वाशीतही तेच. सिडकोच्या जुन्या चार माळ्यांच्या इमारती पाडून पुनर्विकासात उंच टॉवर उभे राहताहेत. वरून पाहिलं तर छपराच्या जागी छप्पर. उलट उरणकडे जा: जेएनपीए बंदराच्या आसपास कंटेनर यार्ड मैलोन्‌मैल पसरलेत. नकाशात ते गडद लाल, भरभक्कम ‘शहरी वाढ’. वस्ती जवळपास नाही. नव्या विमानतळाचे १,१६० हेक्टरही याच रकान्यात जातात. ‘बांधकामाखालील क्षेत्र अमुक टक्क्यांनी वाढलं’ या वाक्यात यार्ड असतं आणि पुनर्विकासातला टॉवर नसतो, हे लक्षात ठेवलं की असल्या बातम्या वाचायची नजर बदलते.

उंची मोजायला वाटा आहेत. कार्टोसॅट-१ थोड्या वेगळ्या कोनांतून दोन चित्रं घेत असे. आपले दोन डोळे खोली ओळखतात, त्याच तत्त्वावर त्यातून उंची काढता येते. दुसरी वाट सावलीची. डिसेंबरात सकाळी अकराला ठाण्यात सूर्य क्षितिजापासून साधारण ४२ अंशांवर असतो. ९० मीटरच्या तीसमजली टॉवरची सावली तेव्हा शंभर मीटरच्या आसपास पडते, म्हणजे सेंटिनेलचे दहा पिक्सेल. त्यावरून मजले काढता येतात, जर शेजारच्या टॉवरवर ती सावली चढली नसेल तर. आणि एक तिढा: सावली इतकी काळी असते की साधं वर्गीकरण तिला पाणी समजतं. टॉवर दाटले की त्यांच्या मधल्या बोळांत भलतीच तळी उगवतात.

रात्रीच्या दिव्यांची चित्रंही वापरतात. नवीन भाग राहता झाला का, हे ती चांगली सांगतात: इमारती बांधून तयार, पण दिवे नाहीत, तर फ्लॅट गुंतवणुकीत अडकलेत असा अंदाज बांधता येतो. मात्र तिथला पिक्सेल पाचशे मीटर ते पाऊण किलोमीटरच्या घरातला, त्यामुळे सोसायटीच्या पातळीवर ती निरुपयोगी.

उद्याचा नकाशा कसा काढतात

झालेली वाढ मोजणं एक, आणि पुढची सांगणं दुसरं. भाकिताची नेहमीची पद्धत अशी: दोन जुने नकाशे घ्या, समजा २००० आणि २०१० चे. शंभर शेतांपैकी वीस इमारती झाल्या, पाच पडीक राहिली, बाकी शेतंच. हेच प्रमाण पुढच्या दहा वर्षांना लावा. यातून किती जमीन बदलेल ते कळतं, कोणती ते नाही. त्यासाठी प्रत्येक चौकोनाची ‘ओढ’ काढतात: रस्ता किती जवळ, स्टेशन किती जवळ, उतार किती, आणि शेजारच्या आठ चौकोनांपैकी किती आधीच शहर झालेत. शेजार बदलला की आपला बदलायची शक्यता वाढते. तो बदलला की पुढच्याची. याला सेल्युलर ऑटोमाटा म्हणतात. अमेरिकेतले भूगोलतज्ज्ञ कीथ क्लार्क यांनी १९९० च्या दशकात विकसित केलेलं स्लूथ हे मॉडेल याच घराण्यातलं. उतार, जमिनीचा वापर, वगळायचं क्षेत्र, आजचं शहर, रस्ते आणि डोंगरउतारांची छाया, असे सहा थर त्याला लागतात.

या सहांपैकी ‘वगळायचं क्षेत्र’ हा थर मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तो उपग्रह देत नाही, माणूस भरतो. राष्ट्रीय उद्यान वगळलं का? २०२२ मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलेली ठाणे खाडी वगळली का? सीआरझेड, म्हणजे बांधकामावर बंधनं असलेला किनारपट्टा? खासगी जागेतली खारफुटी? यातलं काही भरायचं राहिलं, तर मॉडेल शांतपणे तिथे सेक्टर आखून देतं. आणि सगळं कडेकोट वगळलं तर येऊरच्या पायथ्याशी प्रत्यक्षात जी बांधकामं होतात, ती त्याला अशक्य वाटतात. म्हणजे कायदा पाळला जाईल की नाही, याबद्दलचं मत त्या एका थरात बेमालूम लपलेलं असतं.

मॉडेल खरं की खोटं, हे तपासायला भूतकाळावर परीक्षा घेतात: १९९० आणि २००० वरून २०१० चं भाकीत करा आणि खऱ्या २०१० शी ताडून पाहा. इथे ‘९४ टक्के अचूक’ असे आकडे ऐकायला मिळतात. जरा हिशोब करू. समजा नकाशात एक लाख चौकोन आहेत आणि दहा वर्षांत त्यातले सहा हजार बदलले. एखाद्या आळशाने ‘काहीच बदलणार नाही’ असं भाकीत केलं, तरी ९४ हजार चौकोन बरोबर. झाला ९४ टक्के अचूक! म्हणून फक्त बदलाकडे पाहायचं. मॉडेलने अडीच हजार चौकोन बरोबर हेरले, साडेतीन हजार हुकले, आणि तीन हजार उगीचच रंगवले, तर अडीच हजार भागिले नऊ हजार, म्हणजे जेमतेम २८ टक्के. हा आकडा सादरीकरणात शोभत नाही, म्हणून तो कुणी आपणहून सांगत नाही, मागावा लागतो.

त्यात नवी मुंबईचा स्वभाव असा की इथे शेजाऱ्याकडे बघून वाढ होत नाही, निर्णय होतो म्हणून होते. मानखुर्दहून रेल्वे १९९२ मध्ये वाशीला आली. ठाणे–वाशी मार्ग २००४ चा. नेरुळ–उरण मार्गाचा पहिला टप्पा नोव्हेंबर २०१८ मध्ये खारकोपरपर्यंत आला आणि उरणला गाडी पोचायला जानेवारी २०२४ उजाडला. त्याच महिन्यात २१.८ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला, आणि चिरले-जासईकडची गावं मुंबईच्या थेट शेजाराला आली. २०१० पर्यंतच्या चित्रांवर शिकलेल्या मॉडेलला यातलं काय माहीत असणार? विमानतळाची चर्चा नव्वदच्या दशकापासूनची, उद्‌घाटन ८ ऑक्टोबर २०२५ चं. मधल्या काळात उलव्याची टेकडी कापली गेली, नदीचा प्रवाह वळवला गेला, आणि उपग्रहाच्या चित्रात तो सगळा भाग वर्षानुवर्षं ‘उघडी जमीन’ म्हणून पडून होता.

म्हणून जाणते लोक एकच भाकीत देत नाहीत, दोन-तीन देतात: पूल वेळेवर झाला तर, दहा वर्षं रखडला तर, खाडीकाठचे नियम सैल झाले तर. त्या नकाशांतला फरक हाच खरा कामाचा. दुसरं असं की नकाशा बाहेर आला की तो नुसता नकाशा राहत नाही. २०१३ मध्ये विमानतळाच्या भोवतालचा नैनाचा, म्हणजे विमानतळ प्रभाव क्षेत्राचा, पट्टा अधिसूचित झाला, तेव्हापासून तिथल्या प्रत्येक प्रस्तावित रस्त्याची रेघ एजंटांच्या मोबाइलवर फिरते आणि तिच्यावरून एकरी भाव ठरतो. भाकीत खरं होण्यात त्या भाकिताचाही हात असतो.

गावठाणांच्या बाबतीत तर चित्राची तारीख म्हणजे कोर्टातला कागद. सिडकोने जमिनी संपादित केल्या, कुटुंबं वाढली, त्या बदल्यात द्यायचे साडेबारा टक्क्यांचे भूखंड मिळायला वर्षं गेली, आणि दरम्यान गावठाणाभोवती गरजेपोटी घरं उभी राहिली. ती नियमित करण्याचा विषय निघाला की कटऑफ तारीख येतेच: अमुक दिवसाआधीचं घर ग्राह्य, नंतरचं अतिक्रमण. मग जुनी उपग्रह चित्रं काढली जातात. तीस मीटरच्या चित्रावरून एका घराचा निकाल लावणं चुकीचं आहे. त्या फरशीत चार घरं मावतात, हे आपण पाहिलंच. अशा वादात मीटरभर किंवा त्याहून बारीक पिक्सेलचं, तारीख छापलेलं चित्र लागतं, आणि सोबत घरपट्टी, वीजबिल यांसारखा जमिनीवरचा पुरावा.

स्वतः पाहायचं असेल तर गूगल अर्थमध्ये जुन्या चित्रांची पट्टी मागे सरकवता येते. इस्रोचं भुवन पोर्टल आहे. सेंटिनेलची चित्रं कोपर्निकस ब्राउझरवर फुकट मिळतात. खातं उघडलं की तारीख निवडून एनडीव्हीआयही तिथेच दिसतो. विकास आराखड्यावर हरकत घेताना आपल्या भागातला तलाव, नाला किंवा मोकळं मैदान आधी कसं होतं हे दाखवायचं असेल, तर एकाच महिन्यातली, निदान तीन वेगवेगळ्या वर्षांची चित्रं जोडा. खाडीकाठचा भाग असेल तर त्या दिवशीची भरतीची वेळ लिहा. प्रत्येक चित्राखाली उपग्रहाचं नाव, तारीख आणि पिक्सेलचा आकार टाका, आणि सर्व्हे नंबर नकाशावर हाताने का होईना, पण खुणेने दाखवा. सुनावणीला बसलेला अधिकारी सगळ्यात आधी तोच विचारतो.